नोकरी सोडली की सुटली?

नोकरीच्या अर्जाच्या छापील नमुन्यात शिक्षण, वय, अनुभव इत्यादी रकाने ओलांडून उमेदवार पुढे सरकला, की एक अरुंद रकाना त्याची वाट अडवतो. ‘पूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण’ हे त्याचे शीर्षक. रकाना जेमतेम दोन बोटे रुंदीचा. ज्याने अधिक पगारासाठी स्वखुशीने नोकरी सोडली, त्याला तेवढी जागा पुरते. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, तो मात्र या दोन बोटांत काय लिहावे याचा रात्रभर विचार करतो आणि अखेरीस बहुधा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून मोकळा होतो. हे शब्द लिहिणाऱ्याला खरे वाटत नाहीत आणि वाचणाऱ्यालाही वाटत नाहीत. तरीही वर्षानुवर्षे ते लिहिले जातात, वाचले जातात आणि त्यांवर माणसांच्या पोटापाण्याचे निर्णय होतात.

मुळात या शीर्षकातले क्रियापदच चुकले आहे. मराठीत नोकरी सोडणे निराळे, नोकरी सुटणे निराळे आणि नोकरीवरून काढणे त्याहून निराळे. कामगारवस्तीत तर ‘कमी केले’ म्हणतात, ‘ब्रेक दिला’ म्हणतात, ‘घरी बसवले’ म्हणतात. आणि यांतील प्रत्येक शब्दामागे वेगळी हकीकत असते. अर्जाचा नमुना करणाऱ्याने ‘सोडणे’ हे एकच क्रियापद घेऊन उमेदवाराला त्याचा कर्ता करून टाकले. ज्या क्रियेचा तो कर्म आहे, तिचा कर्ता म्हणून त्याने खुलासा द्यावयाचा! व्याकरणाच्या शिक्षकांनी या चुकीला लाल शाई लावली असती. परंतु नोकरीचे नमुने त्यांच्याकडे तपासणीस येत नाहीत.

या चुकीची झळ कोणाला आणि कशी बसते, हे पाहावयाचे असेल तर पनवेलच्या पश्चिमेस, उरणच्या मोरा बंदराकडे पाहावे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच जेथे लागते आणि ओहोटीला जेथे गाळ आडवा येतो, ते हे बंदर. येथील माणसाची नोकरी पूर्वी पाण्यापलीकडे मुंबईत तरी असे, नाहीतर घराजवळ मिठागरात, शेतीत आणि मासेमारीत असे. मोऱ्याला ग्राइंडवेलचा जुना कारखाना आहे. पुढे तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प आला, बोकडविऱ्याचे वायुविद्युत केंद्र आले आणि १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदरामागोमाग कंटेनरची गोदामे उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे या दोहोंचेही उद्घाटन झाले. नोकरीच्या शोधात निघणाऱ्याला आता मुंबई आणि नवी मुंबई दोन्ही जवळ आल्या. मुलाखतीला पोचणे सोपे झाले. मुलाखतीत काय सांगावे, हे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले.

याचे कारण या पट्ट्यातील बऱ्याचशा कामाच्या स्वरूपात आहे. गोदामातील किंवा कारखान्यातील कामगार ज्या फाटकातून रोज आत जातो, त्या फाटकावरील नाव त्याच्या मालकाचे नसते. त्याचा मालक ठेकेदार असतो. ठेक्याची मुदत दोनतीन वर्षांची. मुदत संपली की नवा ठेकेदार येतो, जुन्यांपैकी काहींना घेतो, काहींना घेत नाही. घेतलेल्यांची नोकरीही कागदोपत्री नव्यानेच सुरू होते. एखादा मनुष्य दहा वर्षे एकाच फाटकातून आत जातो, तेच यंत्र चालवतो, त्याच साहेबाचा हुकूम ऐकतो, आणि त्याच्या अर्जावर चार मालक व चार ‘सोडलेल्या’ नोकऱ्या लागतात. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला २०१४ पासून एक सार्वत्रिक क्रमांक मिळू लागला. ही सोय कामगाराच्या हिताचीच होती. तथापि त्या एका क्रमांकाखाली चार ठेकेदारांची चार खाती आणि सेवासमाप्तीच्या चार तारखा ओळीने दिसू लागल्या. मुंबईच्या कचेरीत बसून ती यादी पाहणारा अधिकारी विचारतो, ‘‘तुम्ही कोठेच टिकत कसे नाही?’’ आणि दहा वर्षे एका जागी टिकलेला मनुष्य निरुत्तर होतो.

आयातीचा माल गोदामात न नेता बंदरातूनच थेट उचलण्याची पद्धत २०१६ नंतर वाढत गेली, तेव्हा गोदामांतील कामावर तिचा परिणाम झाला. अशा वेळी ज्यांना कमी केले जाते, त्यांच्या कामात खोट काढण्यासारखे काही नसते. आयातदाराचा वेळ वाचला, देशाचा व्यापार सुलभ झाला, हे सर्व खरे. परंतु त्या सुलभतेची किंमत ज्याने भरली, त्यालाच पुढच्या मुलाखतीत स्वतःची बाजू मांडावी लागते. त्यात भर अशी, की ‘स्थानिक मनुष्य म्हणजे युनियनची कटकट’ ही समजूत या भागातील काही व्यवस्थापकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. ज्यांच्या जमिनींवर हे बंदर आणि हे प्रकल्प उभे राहिले, त्यांच्याच मुलांना आपला पत्ता सांगताना संकोच वाटावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. आणि ती लाज त्या मुलांची नव्हे.

कायद्याला कळलेला फरक

गंमत अशी, की जो भेद अर्जाच्या नमुन्याला कळत नाही, तो कायद्याला फार पूर्वीपासून कळलेला आहे. शासकीय कर्मचाऱ्यांपुरते बोलावयाचे तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगवेगळ्या शिक्षा आहेत. दोहोंतही नोकरी जाते. परंतु पहिलीमुळे पुढील शासकीय नोकरीस अपात्रता येत नाही, दुसरीमुळे सर्वसाधारणपणे येते. म्हणजे ज्याला शिक्षा म्हणून काढले, त्याच्यासाठीसुद्धा शासनाने एक दार उघडे ठेवले आहे. आपल्या समाजात मात्र ‘काढलेला’ या एका शब्दात दोघेही बसतात. इतकेच नव्हे, तर ज्याची परिवीक्षेची मुदत संपली, ज्याचे पदच रद्द झाले आणि ज्याचा कारखानाच बंद पडला, असे सर्वजण त्याच शब्दात कोंबले जातात.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात हाच भेद स्पष्ट केला. नेमणुकीच्या अटींनुसार साधी सेवासमाप्ती करणे वेगळे आणि शिक्षा म्हणून काढणे वेगळे. शिक्षा असेल तर संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. पुढे १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. हुकमाची भाषा निरुपद्रवी असली, तरी तिच्यामागचे वास्तव काय आहे ते पाहता येते, असे ठरले. कागदावरचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे, हे न्यायालयाने मानले. भावी मालकांनीही ते मानावे, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.

खाजगी क्षेत्रातील कामगाराबाबत तर कायदा आणखी स्पष्ट होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा सर्वसाधारण नियम असा होता, की जो शेवटी आला त्याने आधी जावे. आणि मालकाने पुन्हा भरती काढली तर कपात झालेल्याला आधी संधी द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तीतही अशी संधी देण्याचे बंधन आहे. मात्र कपातीनंतर एका वर्षाच्या आत भरती होणार असेल तरच. मर्यादा आली, हे वाईट झाले. तरीही तत्त्व कायम राहिले. कायद्याच्या लेखी कपात झालेला मनुष्य हा अग्रहक्काचा धनी आहे. जी गोष्ट कायद्यात हक्क म्हणून नोंदली आहे, तीच मुलाखतीच्या टेबलावर डाग म्हणून दिसावी, हा विरोधाभास कोणाला खटकत नाही, याचे आश्चर्य वाटते.

शिक्षक-वाचकांना या संदर्भात त्यांच्याच पेशातील एक प्रकरण आठवत असेल. मराठवाड्यातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेला संस्थेने २००७ मध्ये नोकरीवरून काढले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणे आहेत. न्यायाधिकरणाने सेवासमाप्ती रद्द ठरवून मागील पगार देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने मागील पगाराचा भाग रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे २०१३ मध्ये तिला पूर्ण न्याय मिळाला. चुकीच्या सेवासमाप्तीने केवळ कर्मचाऱ्याचे नव्हे, तर त्याच्या सबंध कुटुंबाचे जे हाल होतात, त्यांची दखल त्या निकालात न्यायालयाने आवर्जून घेतली आहे. २००७ ते २०१३! अशा सहा वर्षांत मनुष्य दुसऱ्या दारी गेला, तर त्याने काय सांगावे? ‘मला काढले’ म्हणावे तर हुकूम बेकायदा आहे, ‘मला काढले नाही’ म्हणावे तर हाती पगार नाही. अशा माणसाने ‘माझी सेवा समाप्त केली गेली, मी दाद मागितली आहे, निकाल यावयाचा आहे’ एवढेच सांगणे हे पूर्ण सत्य असते. मात्र ते ऐकून घेणारा कान समोर असावा लागतो.

त्याच माणसाकडे पाहण्याची दृष्टी राजकारणाच्या वाऱ्याबरोबर कशी बदलते, याचे उदाहरण रेल्वेच्या संपाचे. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला तो संप २७ मे रोजी मागे घेण्यात आला. परंतु तत्पूर्वी आणि नंतर हजारो कर्मचारी नोकरीला मुकले. त्यांतील कित्येकांना विभागीय चौकशीही मिळाली नाही. १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले, आपल्या कोकणातील राजापूरचे प्रतिनिधी मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि या कर्मचाऱ्यांना परत घेण्यात आले. मधल्या तीन वर्षांत त्यांचे हात तेच होते आणि कसबही तेच होते. बदलले होते ते केवळ सरकार. त्या तीन वर्षांत ज्या दुकानदाराने किंवा कारखानदाराने अशा फिटरला कारण न उकरता कामावर ठेवले असेल, त्याचे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही.

असा एक मालक इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना १८७४ मध्ये सनदी नोकरीतून बडतर्फ करण्यात आले. ते विलायतेला जाऊन दाद मागून आले, तेथे बॅरिस्टर होऊ पाहत होते तर बडतर्फीचेच कारण दाखवून त्यांना प्रवेश नाकारला गेला. एका नोकरीतील शिक्षा दुसऱ्या व्यवसायाचे दार कसे लावते, याचे याहून ढळढळीत उदाहरण नसेल. अशा माणसाला कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून घेतले ते ईश्वरचंद्र विद्यासागरांनी. बडतर्फी सर्व देशाला ठाऊक होती. लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. विद्यासागरांनी समोरचा मनुष्य काय शिकवू शकेल एवढेच पाहिले. हेच सुरेंद्रनाथ १८९५ मध्ये पुण्यास भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

परंतु प्रत्येक नोकरीच्या दारात विद्यासागर बसलेले नसतात. म्हणून जुन्या मालकाने नव्या मालकाला काय कळवावे, हा प्रश्न इतर देशांनाही सोडवावा लागला. फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक पुस्तिका बाळगावी लागे. जुन्या मालकाने तीत मोकळीक लिहून दिल्याशिवाय नवी नोकरी धरता येत नसे. मालकाच्या हाती हे मोठेच हत्यार झाले, आणि १८९० मध्ये ती पद्धत रद्द करावी लागली. जर्मनीत उलट दिशेने विचार झाला. तेथे प्रमाणपत्र हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, ते खरे असले पाहिजे आणि त्याच्या पुढील वाटचालीत अडथळा आणणारे नसले पाहिजे. या दोन अटींच्या कात्रीत सापडलेल्या मालकांनी मग एक सांकेतिक भाषाच तयार केली. ‘त्यांनी प्रयत्न केला’ असे लिहिले की जाणकाराने ‘त्यांना काही जमले नाही’ असे वाचावयाचे. गूढ अर्थाची वाक्ये लिहिण्यास तेथील कायद्याने बंदी घातली, तरी खोड गेली नाही. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ मध्ये असे ठरवले, की निष्काळजीपणाने चुकीचा अभिप्राय देऊन जुन्या नोकराचे नुकसान करणारा मालक त्या नुकसानीस जबाबदार धरला जाऊ शकतो. आपल्याकडे ‘स्वभावाने चांगले, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ अशा ठरावीक मजकुरापलीकडे हा विषय फारसा गेला नाही. अभिप्राय लेखी येत नाही, दूरध्वनीवर येतो. आणि दूरध्वनीवर कोण काय बोलले, याचा खुलासा मागण्याची सोय उमेदवाराला नसते.

मग सांगावे काय?

ही सर्व परिस्थिती अशी असताना ज्याची नोकरी गेली आहे, त्याने उद्याच्या मुलाखतीत काय बोलावे? ‘वैयक्तिक कारण’ लिहा, मधले वर्ष गाळा, काकांच्या दुकानात होतो असे सांगा, असे सल्ले देणारे शेजारीपाजारी पुष्कळ असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु बहुतेक अर्जांच्या तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापन असते आणि त्याखाली सही असते. पहिली नोकरी नशिबाने गेली असेल. त्या सहीमुळे दुसरी जाण्याची वेळ आली, तर तो खुलासा मात्र खरोखरच अवघड होईल. निधीच्या नोंदी, बँकेतील पगाराची नोंद, जुन्या कचेरीतील कोणा परिचिताचा शब्द, यांतून आज कोणतीही तारीख फार काळ झाकून राहत नाही.

अर्थात, खरे सांगणे म्हणजे सर्व सांगणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात, उमेदवाराने फौजदारी प्रकरणाची माहिती दडवली तर काय करावे याचा विचार करताना, एक उपयुक्त दंडक घालून दिला. नमुन्यातील प्रश्न मोघम नसावा, नेमका असावा. आणि जे नेमके विचारले आहे, तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. तो निकाल फौजदारी प्रकरणांपुरता असला, तरी त्यातील शहाणपण मुलाखतीलाही लागू पडते. विचारले तेवढे, खरे आणि थोडक्यात. मोऱ्याच्या त्या ठेकेदारी कामगाराने सांगावे, ‘‘साहेब, ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने निम्मी माणसे घेतली, माझा नंबर लागला नाही. काम दहा वर्षे तेच होते आणि फाटकही तेच.’’ यात रडगाणे नाही, कोणावर आरोप नाही, आणि चार नोकऱ्यांचे कोडे सुटले.

जुन्या मालकाची निंदा करू नये असे सर्वच सांगतात. सौजन्य म्हणून सांगतात. माझ्या मते कारण वेगळे आहे. ऐकणाऱ्याजवळ ती निंदा खरी की खोटी, हे पडताळण्याचे साधन नसते. म्हणून तो स्वतःला त्या जुन्या मालकाच्या खुर्चीत बसवून पाहतो आणि उद्या हा आपल्याविषयी काय बोलेल, याचा हिशेब करतो. जेथे खरोखरच अन्याय झाला आहे, तेथे त्याची दाद न्यायाधिकरणापुढे मागावी. मुलाखतीच्या दहा मिनिटांत तो खटला चालवू नये. तेथे निकाल देण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

आणि दोष आपलाच असेल तर? ही वेळ सर्वांत कठीण, परंतु तिची वाट सर्वांत सरळ. एखाद्या लेखनिकाला गैरहजेरीवरून काढले असेल, तर ‘‘घरी आजारपण होते, पण मी रजेचा अर्ज वेळेवर दिला नाही, त्यावरून मला कमी केले, आता घरची व्यवस्था लागली आहे’’ इतके पुरे. हे वाक्य आदल्या रात्री मोठ्याने तीनचार वेळा म्हणून पाहावे. पहिल्यांदा घसा दाटतो, चौथ्यांदा दाटत नाही. दोषाच्या कबुलीनंतर लगेच आपण काय काम करू शकतो याकडे वळावे. असे सांगूनही नकार येईल, कित्येक ठिकाणी येईलच. तो येणार नाही असे आश्वासन देणे हा खोटेपणा ठरेल. घरात चूल पेटण्याचा प्रश्न असताना मनुष्य खोटे बोलला, तर त्याला सुस्थितीतील माणसांनी नीती शिकवू नये, हेही मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की ते खोटे त्याला बहुधा महाग पडते.

म्हणून खरी सुधारणा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने व्हावयास हवी. ‘सोडण्याचे कारण’ हा रकाना काढून त्या जागी ‘सेवा कशी समाप्त झाली’ असे विचारावे, आणि राजीनामा, मुदत समाप्ती, ठेका समाप्ती, कपात, उद्योग बंद, शिस्तभंगाची कारवाई, प्रकरण प्रलंबित, असे पर्याय छापावेत. ज्याला शिस्तभंगावरून काढले, त्यालाच पुढचा प्रश्न विचारावा. बाकीच्यांची सुटका एका खुणेत होईल.

उरणपुरते तर याहून सोपे काम हाताशी आहे. ठेकेदाराने कामगाराची सेवा कोणत्याही कारणाने समाप्त केली, तरी त्याला सेवा प्रमाणपत्र द्यावे, ही तरतूद १९७१ च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांत होती. किती हातांत तो कागद पडला, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावे. २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास ठेकेदाराने त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावयाचे आहे. ‘मागणी केल्यास’ हे दोन शब्द फार मोठे आहेत, कारण ज्याला कमी केले तो त्या दिवशी पगाराचा हिशेब मागतो, कागद मागण्याचे त्याला सुचत नाही. बंदरातील कंपन्यांनी, तेल प्रकल्पाने आणि मोऱ्यापासून द्रोणागिरीपर्यंतच्या गोदामवाल्यांनी ठेक्याच्या अटींत एक ओळ घालावी: प्रत्येक कामगाराच्या हाती, त्याने काय काम केले, किती वर्षे केले आणि सेवा कशामुळे संपली, हे लिहिलेला एक कागद पडल्याची सहीनिशी यादी सादर झाल्याखेरीज ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर होणार नाही.